कामाला लागलेली माणसं

संध्याकाळी सात ते रात्री दहा या वेळात आमच्या इमारतीचा जिना चढत गेलं, तर प्रत्येक मजल्यावर वेगळ्या मालिकेचं शीर्षकगीत ऐकू येतं. मी मालिका बघत नाही. बातम्या बघते, माहितीपट बघते, शेतीचे कार्यक्रम बघते. एखाद्या नदीवर किंवा कारागिरावर कुणी मन लावून तासाभराची फिल्म केली असेल तर ती दोनदासुद्धा बघते. भिशीत किंवा लग्नकार्यात बायका मालिकेतल्या सुनेबद्दल बोलायला लागल्या की मला त्यात भर घालता येत नाही. मग कुणीतरी विचारतंच, "ते रुक्ष बघून तुला कंटाळा कसा येत नाही गं?" प्रश्न प्रेमानं विचारलेला असतो. त्याचं उत्तर दोन वाक्यांत मावत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

मालिकांवरची नेहमीची टीका मला फारशी पटत नाही. घरात भरजरी साड्या का नेसतात, मेलेली माणसं परत कशी येतात, एका कटातून दुसरा कट कसा निघतो, वगैरे. गोष्टीत असं चालायचंच. आपल्या पुराणांत, वगात, नाटकांत अशक्य वाटाव्यात अशा घटना ढीगभर आहेत आणि त्यांवर माझं प्रेम आहे. माझी तक्रार वेगळी आहे. मालिकेतली माणसं काम करत नाहीत.

नायकाची मोठी कंपनी असते. ती काय बनवते? पंप, औषधाच्या गोळ्या, की टॉवेल? वर्षभर मालिका बघूनही ते कळत नाही. 'डील' होते, 'टेंडर' हातचं जातं, कुणीतरी फसवून फायलीवर सही घेतं. पण त्या कंपनीत लेथवर उभा असलेला माणूस दिसत नाही, पाळी सुटल्याचा भोंगा ऐकू येत नाही. मालिका गावातल्या वाड्यातली असेल, तर त्या वाड्याचा ऊस आडसाली आहे की खोडवा, विहिरीवरची लाइट या आठवड्यात रात्रीची आहे की दिवसाची, कारखान्याची टोळी कधी येणार, यातलं काही कानावर पडत नाही. खरं तर शेतकऱ्याच्या घरातली निम्मी भांडणं याच गोष्टींवरून होतात. स्वयंपाकघरात बायका सतत उभ्या असतात, पण रात्री भिजत घातलेली मटकी सकाळी उपसताना कुणी दिसत नाही. सिलिंडर संपत नाही. नळाला पाणी कधी येतं याची कुणाला फिकीर नसते. जुलै महिना असला तरी दारात ओली छत्री नाही.

मला हे खुपतं, कारण मी ज्या माणसांत वाढले त्यांचं सगळं जगणं कामाभोवती फिरायचं. वडील साताऱ्याला एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. घाटात गाडीचे ब्रेक कसे तापतात, शाकंभरी पौर्णिमेला मांढरदेवीच्या यात्रेसाठी जादा गाड्या कुठून काढायच्या, हे आमच्या जेवणाच्या वेळचे विषय. रागसुद्धा कामाचाच असायचा. एखाद्या ड्रायव्हरनं गाडीत आवाज येत असतानाही तशीच हाणत आणली, तर वडील दोन दिवस धुमसायचे. माणसाचा स्वभाव, त्याची हुशारी, त्याचा लहानपणा आणि मोठेपणा आम्हाला त्याच्या कामातूनच कळत आला. काम काढून घेतलं की माणसाजवळ काय उरतं? नाती उरतात, मान्य. पण नुसती नाती तासन् तास बघत बसलं की मला गुदमरल्यासारखं होतं.

याचा दोष मालिका करणाऱ्या माणसांना द्यावा असं मात्र मला वाटत नाही. मावसबहिणीचा मुलगा मालिकांच्या सेटवर सहायक दिग्दर्शक आहे. तो सांगतो ते ऐकलं की त्या लोकांबद्दल आदरच वाटतो. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा केल्या की बावीस-तेवीस मिनिटांचा भाग उरतो. तेवढं रोज कापून, जोडून, संगीत चढवून वाहिनीला द्यायचं. बारा-तेरा तासांची शिफ्ट. हाताशी थोड्या भागांची 'बँक' ठेवायची, कारण कलाकार आजारी पडला किंवा मुंबई पाण्याखाली गेली तरी प्रक्षेपण थांबत नाही. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि त्यावर पुढचा 'ट्रॅक' ठरतो. हे आकडे कुठून येतात? देशात टीव्ही असलेली घरं २१ कोटींच्या आसपास आहेत आणि मीटर बसवलेली घरं पन्नास-साठ हजार. वाहिनीच्या आवाजात आपल्या कानाला न जाणवणारी एक खूण मिसळलेली असते, ती मीटर ओळखतं आणि कोणत्या घरात कोणत्या मिनिटाला काय चालू होतं याची नोंद ठेवतं. त्या नोंदींवर एखाद्या सासूचं मन परिवर्तन होणार की नाही हे अवलंबून असतं.

अशा धबडग्यात पेरणी कशी दाखवणार? पेरणी दाखवायची तर जूनची, पहिल्या वाफशाची वाट बघावी लागेल. कारखाना दाखवायचा तर तिथे जाऊन, यंत्राच्या आवाजात, कामगारांच्या वेळा सांभाळून चित्रीकरण करावं लागेल. त्यापेक्षा एक दिवाणखाना बरा. त्याचा प्रकाश एकदा लावून ठेवला की वर्षभर पुरतो. म्हणजे मालिकेला काम दाखवायचं नसतं असं नाही, तिला थांबायला वेळ नसतो. आणि गंमत अशी वाटते की तीच मालिका वर्षानुवर्षं चालते. 'चार दिवस सासूचे' दहा वर्षांहून अधिक काळ चालली, तिचे तीन हजारांहून जास्त भाग झाले. दुसरीकडे आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड' या माहितीपटाला चौदा वर्षं लागली. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं गेली, आणि ते सहन न होऊन शाहीर विलास घोगरे यांनी आयुष्य संपवलं. पटवर्धनांनी घोगऱ्यांचं गाणं त्याआधी 'हमारा शहर'साठी, म्हणजे १९८५च्या सुमाराला चित्रित केलेलं होतं. त्यानंतर खटले चालले, निवडणुका झाल्या, मुलं मोठी झाली, वस्तीत नवे शाहीर आले, आणि कॅमेरा त्या सगळ्यामागे चालत राहिला. फिल्म २०११ साली आली. दोन्हीकडे एक तपाच्या आसपासचा काळ गेला आहे. एकीकडे काळ रोज भरून काढायचा होता आणि दुसरीकडे तो घडण्याची वाट बघायची होती. मला दुसऱ्या प्रकारात राहायला आवडतं.

ही आवड कुठून आली, तर वडिलांकडून. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुणे आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या लागायच्या. सुधा नरवणे यांचा आवाज आला की वडील दाढीचा ब्रश हातात तसाच धरून उभे राहायचे. कोयनेची पातळी, कुठला रस्ता बंद, कुठला घाट खचला, हे त्यांना आगारात जाण्याआधी माहीत हवं असायचं. बातमी म्हणजे आज आपल्याला काय करावं लागणार आहे याची सूचना, असाच त्यांचा समज होता आणि तो माझ्यातही उतरला. सिनेमाला गेलो तर दिवे मालवायच्या आत जागेवर असायचं, हा त्यांचा नियम. कारण आधी न्यूजरील लागायची. फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली सुरू झालं आणि पुढे कित्येक वर्षं देशभरच्या थिएटरांना मुख्य चित्रपटाआधी त्यांची बातमीफीत किंवा माहितीपट दाखवणं बंधनकारक होतं. बहुतेक लोक तेवढ्या वेळात शेंगदाणे घेऊन यायचे. आम्ही बसून धरणाचे दरवाजे, हातमागावरचे हात, पुरात बांधलेले दोर बघायचो. मुख्य चित्रपटांची नावं मी विसरले आहे. एका फितीत एक बाई वर्तुळाकार फिरत प्रचंड मोठी चटई विणत होती, ती मात्र अजून डोळ्यांपुढे आहे.

विजया मुळे हे नाव मला फार उशिरा कळलं. 'एक अनेक और एकता' ही चिमण्यांची, जाळ्याची गोष्ट माझ्या पिढीतल्या सगळ्यांना पाठ आहे. ती १९७४ची फिल्म त्यांची. मुंबईत जन्मलेल्या या मराठी बाईंनी त्याआधी हुगळीच्या मुखातून उलट वर चढत येणाऱ्या भरतीच्या लाटेवर माहितीपट केला होता. लाटेवर! त्या लाटेची वेळ ठरलेली, तिच्या वेळेला आपण काठावर हजर राहायचं, चुकलं तर पुढच्या भरतीची वाट बघायची. मला अशी माणसं जवळची वाटतात.

आणि आपल्याकडे तर या सगळ्याची सुरुवातच अशा माणसांनी केली आहे. याचा मला मनापासून अभिमान वाटतो आणि तो फार कुणी बोलून दाखवत नाही याचं वाईट वाटतं. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं पहिल्यांदा दाखवली गेली. ती ज्यांनी पाहिली त्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हे छायाचित्रकार होते. त्यांनी लंडनहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये लावलेली कुस्ती चित्रित केली. पुढे १९०१च्या डिसेंबरात रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला सीनियर रँग्लर होऊन, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले येऊन परतले, तेव्हा चौपाटीवर त्यांचं स्वागत झालं. सावेदादांनी तेही टिपलं. भारतातली पहिली बातमीफीत म्हणून तिचा उल्लेख केला जातो. एका मराठी माणसानं गणित शिकून आलेल्या दुसऱ्या मराठी माणसाचं स्वागत टिपून ठेवलं, ही आपली पहिली बातमी. कोण देव, कोण राजा, कोण नायिका, यातलं तिथे काही नव्हतं. गणित होतं आणि गर्दी होती.

दादासाहेब फाळक्यांचंही तसंच. 'राजा हरिश्चंद्र' १९१३चा. पण त्याआधी, लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आल्यावर, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर लावून रोज थोडी थोडी फिल्म घेत राहिले. कोंब फुटला, पानं आली, वेल वर चढला. महिनाभराची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली. भांडवल देणाऱ्याला आपल्या हातातलं तंत्र पटवून द्यायचं हा त्यांचा हेतू होता. तरी विचार करावासा वाटतो, की लोकांना थक्क करायचं तर त्यांनी वाटाणा का निवडला असेल? हजारो वर्षं शेतकऱ्यानं जे पेरलं आणि ज्याची वाढ कुणाच्याच डोळ्यांना सलग दिसली नव्हती, ती दाखवावी असं त्यांना वाटलं. पुढे १९१७ साली त्यांनी चित्रपट कसे तयार करतात यावरही एक फिल्म केली, त्यात ते स्वतः काम करताना दिसतात.

या वाटेनं आजही माणसं चालत आहेत. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा २०१६चा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी तो मिळेल तिथे बघावा. आपल्याकडच्या जत्रांमध्ये तंबू ठोकून सिनेमा दाखवणाऱ्या टुरिंग टॉकीजवाल्यांवर तो आहे. कान महोत्सवात तो गाजला, पण त्यातलं सगळं जग आपल्या धुळीचं आहे. जुनाट ट्रक ढकलत सुरू करणं, मैदानात खांब रोवणं, कनात ताणणं, लाउडस्पीकरवरून गावाला बोलावणं. रिळांचे डबे वेळेवर आले नाहीत तर तंबूबाहेर थांबलेल्या गर्दीला तोंड देणं. मग रिळंच संपतात, डिजिटल येतं, आणि हयातभर प्रोजेक्टर हाताळलेल्या माणसाला संगणकासमोर बसावं लागतं. त्याची बोटं कशी अडखळतात ते मी श्वास रोखून बघितलं. त्यात प्रोजेक्टर दुरुस्त करणारा एक कारागीर आहे. त्यानं स्वतःच्या कल्पनेनं प्रोजेक्टर घडवला आहे आणि तो कसा चालतो हे सांगताना त्याचा चेहरा उजळून निघतो. वडील बिघडलेल्या इंजिनाजवळ कान नेऊन ऐकायचे तेव्हा त्यांचा चेहरा असाच व्हायचा. मला मालिकेत हा चेहरा कधीच दिसलेला नाही. प्रेमात पडलेले, रडवेले, संतापलेले चेहरे दिसतात, आपल्या हातातल्या कामात बुडालेला चेहरा दिसत नाही.

काही फिल्म्स तर काम दाखवून थांबत नाहीत, काम करून घेतात. नागालँडमध्ये डोयांग धरणाच्या परिसरात दरवर्षी अमूर ससाणे लाखोंच्या थव्यांनी उतरतात. २०१२ साली तिथे जाळी लावून रोज हजारो पक्षी मारले जात असल्याचं काही पक्षी अभ्यासकांनी आणि पत्रकारांनी बघितलं, कॅमेऱ्यात घेतलं आणि जगासमोर ठेवलं. अगदी छोटी फिल्म. ती बघवत नाही. पण त्यानंतर गावांची पंचायत, चर्च, वनखातं, सगळे बसले, आणि पुढच्या वर्षी त्या परिसरात शिकार थांबली. त्यानंतर काही ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली गेली, तेव्हा कबुतराएवढ्या या पक्ष्यांची वाट नकाशावर उमटली. ईशान्येकडून निघून भारत ओलांडायचा, अरबी समुद्र पार करायचा आणि आफ्रिकेत उतरायचं. त्यांतले काही आपल्या महाराष्ट्रावरून जातात. नोव्हेंबरात मी वर बघते. मला ते दिसतील असं नाही, पण ते तिथून जात असतात हे माहीत असणं मला हवंसं वाटतं.

बातम्यांबद्दल लिहिताना मात्र हात जड होतो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती, गणपती बोळवून लोक झोपले होते, आणि पहाटे चारच्या आधी लातूर-उस्मानाबादची जमीन हलली. सुमारे दहा हजार माणसं गेली. त्या दिवशी रेडिओवर आणि संध्याकाळी दूरदर्शनवर गावांची नावं येत होती. किल्लारी, सास्तूर, होळी, पेठसांगवी. वाचणाऱ्याचा आवाज चढत नव्हता, मागे संगीत नव्हतं. प्रदीप भिडे यांच्यासारख्या वृत्तनिवेदकांनी हा संयम आपल्या कानांना लावला होता. वडिलांनी रस्त्यांचा नकाशा काढला आणि औसा, निलंगा, उमरगा अशी बोटं फिरवत कोणत्या आगारातून कुठे गाड्या पोचतील हे बघत बसले. रात्री त्यांचे सोबती घरी आले, आणि सकाळी आमच्या गल्लीतून घोंगड्या, भांडी, ज्वारी गोळा झाली. माझ्या मते बातमी बघणं ते हे असं. ऐकलं, समजलं, आणि उठून कामाला लागलो.

आता चोवीस तासांच्या वाहिन्यांवर बातमीच मालिका होऊन बसली आहे. मराठीत या वाहिन्या २००७पासून आल्या तेव्हा मला फार आनंद झाला होता. आपल्या भाषेत दिवसभर बातम्या! काही काळ त्या होत्याही, आणि आजही अनेक तालुक्यांचे वार्ताहर जीव तोडून चांगलं काम करतात. पण पडद्यावर काय येतं? तेच दृश्य पंधरा वेळा, त्यावर लाल वर्तुळ, मागे धडधडणारं संगीत, "ब्रेकनंतर बघूया" म्हणत अर्धवट सोडलेलं वाक्य, चौकटीत बसून एकमेकांवर ओरडणारी सहा माणसं. ही सगळी युक्ती मालिकेची आहे. टीआरपीचं मीटरही तेच आहे. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात कारवाई चालू असताना वाहिन्यांनी ती थेट दाखवली. सर्वोच्च न्यायालयानं २०१२च्या निकालात त्यावर कडक ताशेरे ओढले आणि २०१५ साली नियम बदलून दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण बंद करण्यात आलं. नियमानं एवढंच होऊ शकतं. एखाद्या शेतकऱ्याच्या विधवेसमोर माइक धरून "तुम्हाला कसं वाटतंय" असं विचारणं कोणता नियम थांबवणार?

म्हणून मी बातम्या निवडून बघते. सह्याद्रीचं बातमीपत्र, सकाळचं आकाशवाणीचं, आणि वर्तमानपत्र बारीक टाइपातल्या तालुक्याच्या मजकुरासकट. बातमी मुळात कुठून जन्माला येते हे मला विसरायचं नाही. ३० जुलै २०१४च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं गाडली गेली. ही गोष्ट बाहेर कशी कळली? नेहमीच्या फेरीवर निघालेल्या एका एसटी ड्रायव्हरला रोज जिथे गाव दिसायचं तिथे चिखल दिसला, आणि त्यानं ते कळवलं. ना कॅमेरा, ना माइक. रोजचा रस्ता नीट बघणारा एक माणूस. वडील तेव्हा हयात नव्हते. असते तर त्यांनी त्या ड्रायव्हरचं आगार शोधून काढलं असतं आणि त्याला पत्र लिहिलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

घरात मालिका बघणारं माणूस आहे. माझ्या सासूबाई. त्या माणदेशातल्या. सत्तरी ओलांडली आहे, गुडघे धरलेत, बाहेर जाणं कमी झालं आहे. त्यांच्या मालिकांच्या वेळेत मी रिमोटला हात लावत नाही. त्या मालिकेतल्या पोरीची बाजू घेऊन बोलतात, तिला सल्ला देतात, आणि मला त्यात काहीही वावगं वाटत नाही. आपल्याकडे १९८४ साली 'हम लोग'नं मालिकांची सुरुवात झाली तीच मुळी मेक्सिकोतला प्रयोग बघून, लोकांना कुटुंब नियोजनासारख्या गोष्टी कथेतून सांगाव्यात या हेतूनं. सह्याद्रीवरच्या 'दामिनी'ची नायिका पत्रकार होती, नोकरीवर जाणारी, प्रश्न विचारणारी. आमच्या वयाच्या कितीतरी मुलींनी तिच्याकडे बघून नोकरीचं मनावर घेतलं. म्हणजे मालिकेला बाईचं काम दाखवणं जमत होतं. ते पुन्हा जमावं असं मला फार वाटतं.

२०२०च्या मार्चमध्ये चित्रीकरणं बंद पडली आणि मालिकांचे नवे भाग थांबले. जुने भाग पुन्हा बघायचा सासूबाईंना कंटाळा येऊ लागला आणि त्या माझ्याबरोबर बसायला लागल्या. सुरुवातीला जनावरांच्या फिल्म्स. वाघाला त्या फार वेळ देत नसत, पण सुगरणीचं घरटं बघताना त्यांनी मला बोलू दिलं नाही. मे महिन्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या मजुरांवरून मालगाडी गेली, सोळा जण गेले, त्यांच्या भाकरी रुळांवर विखुरलेल्या दिसल्या. ती बातमी आम्ही दोघींनी बघितली आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "चालत आम्ही बी गेलोय गं. पर आमास्नी रस्ता घावला हुता."

त्यानंतर काही दिवसांनी मी मुद्दाम दुष्काळावरचा एक जुना कृष्णधवल माहितीपट लावला. खडी फोडणाऱ्या बायकांची लांबच लांब रांग. सासूबाई पुढे सरकून बसल्या. थोडा वेळ गप्प होत्या, मग एका बाईकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही नवी हाय. हातुडा आसा न्हाई धरत. सांजच्याला हात सोलवटून निघंल हिचा."

१९७२ला त्या नव्या नवरीच होत्या. त्या दुष्काळात महाराष्ट्रातली पन्नास लाखांच्या आसपास माणसं सरकारी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, खडी. विसापूरच्या वि. स. पागे यांनी आधीपासून आग्रहानं मांडलेली रोजगार हमीची कल्पना पुढे कायद्यात आली ती याच अनुभवातून. हे सगळं मी वाचलेलं होतं. पण सायकलच्या टायरचं कडं करून त्यात दगड धरायचा म्हणजे कपची डोळ्यात उडत नाही, हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं. मुकादम हजेरीला कसा लबाडी करायचा आणि मोजमापाच्या दिवशी बायका ढिगाऱ्यावर उभ्या राहून त्याला कशा जाब विचारायच्या, तेही नाही. लाल मिलोच्या, म्हणजे दुष्काळात आलेल्या परदेशी ज्वारीच्या भाकरीला येणारा वास, सुकडीच्या खाऊसाठी पोरांची रांग, बाभळीला लुगड्याची झोळी बांधून त्यात निजवलेलं एका बाईचं तान्हं, आणि ते रडलं तर रांगेतली कुणीही उठून झोका द्यायची, दूध मात्र त्याच्या आईनंच येऊन पाजायचं, त्यात तिचा ढीग कमी भरू नये म्हणून बाकीच्या चार घाव तिच्या ढिगावर घालायच्या. इतकी वर्षं मी या घरात आहे. हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं, आणि ज्या पडद्यासमोर त्या रोज तीन तास बसायच्या, त्यावरही असं काही कधी आलं नव्हतं की ज्यावरून आठवण निघावी.

जुलैत मालिका पुन्हा सुरू झाल्या आणि सासूबाई त्या बघतात. पण दुपारी त्या माझ्याबरोबर बसतात, आणि फिल्म लावली की आधी हातांकडे बघतात. कुंभार असो, मीठ गोळा करणारे असोत, सुताराचा रंधा असो, बाईंचं मत तयार असतं. कुणी कॅमेऱ्यासाठी नुसतं काम केल्यासारखं करत असेल तर त्यांच्या ते लगेच लक्षात येतं आणि मग ती फिल्म त्यांच्या मनातून उतरते.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेल्या बायका आता पंच्याहत्तरीच्या पुढे-मागे आहेत. गावोगावी आहेत, ओसरीवर बसलेल्या आहेत, त्यांना सगळं आठवतं आहे. कुणीतरी त्यांच्याकडे कॅमेरा घेऊन जायला हवं आणि आत्ताच जायला हवं. एखाद्या मराठी वाहिनीनं आठवड्यातला एक अर्धा तास, तोही रात्री साडेअकराचा नको, लोक जागे असतानाचा, अशा कामाला द्यावा ही माझी मागणी आहे. ज्या मुलांकडे फोन आहेत त्यांनी तर परवानगीची वाटच बघू नये.

मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. सासूबाई बोलतात आणि मी फोनवर चित्रित करते. त्यांना आधी संकोच वाटायचा, आता माझ्याच चुका काढतात. फोन हलतो, तोंड दिसतं पण हात दिसत नाहीत, वगैरे. गेल्या आठवड्यात मी म्हटलं, "आई, तुम्ही माती वाहिलेली तो पाझर तलाव अजून आहे ना? रविवारी गाडी करून जाऊ, तिथेच बसून बोला."

"आत्ता नगं," त्या म्हणाल्या. "पाऊस लागू दे, भरू दे त्याला. रिकामा तलाव काय दावायचा लोकास्नी?"